गुडघ्यांवर चढायचा नवस

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं तर गुडघ्यांवर पायऱ्या चढून येईन, असा नवस मी कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेला बोललो. बोलताना त्यात काही चुकतंय असं मला जरासुद्धा वाटलं नाही.

मी जन्मभर बस चालवली. मूर्तिजापूर, लाखपुरी, दर्यापूर, अंजनगाव आणि परत. त्या रस्त्यावर डावा पाय क्लचवरून उचलायची सोय नव्हती. खड्डा चुकवावा तर पुढे म्हैस, म्हैस चुकवावी तर पुढे खड्डा. मी निवृत्त झालो तेव्हा माझा डावा गुडघा माझ्याही आधी निवृत्त होऊन बसला होता. पायाची कमान झाली होती आणि उठताना असा आवाज यायचा की घरातलं मांजर दचकावं. ड्रायव्हरकीनं आणखीही काही दिलं. एक म्हणजे आवाज. मी कुजबुजलो तरी शेवटच्या सीटवर थांबा कळतो, असं आमची मंडळी म्हणते. आणि दुसऱ्याच्या गाडीत बसलो की माझा पाय आपोआप रिकाम्या जागी ब्रेक दाबत राहतो. गाडी दुसऱ्याच्या हाती देणं मला कधी जमलंच नाही. देवाच्याही नाही. काचेपाशी देवीचा फोटो होता, सकाळी उदबत्ती लावायचो, पण मनातून समजूत अशी की गाडी मी चालवतो आणि देवी माझ्यासोबत फुकट प्रवास करते.

त्या वर्षी सोयाबीन काढणीला आलं आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. उभ्या शेंगांना कोंब फुटले. ज्यांची कपाशी उरली होती त्यांच्या बोंडात अळी. ऑपरेशनची तारीख ठरल्यावर बायको मला कौंडण्यपूरला घेऊन गेली, तर रांगेत पुढेमागे सगळी शेतातून उठून आलेली माणसं. माझ्या पुढची म्हातारी हात जोडून म्हणत होती, "माय, आता थांबव व. जे राह्यलं ते राहू दे." तिच्या मागे उभं राहून मी काय मागायचं, तर एक गुडघा. मला स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या लोकांच्या रांगेत आपली मागणी इतकी किरकोळ, तर निदान कबूल तरी घसघशीत करावं, म्हणून डोळे मिटून मनातल्या मनात बोललो की माय, गुडघा नीट कर, तुझ्या सगळ्या पायऱ्या गुडघ्यांवर चढीन. बोललो आणि हलकं वाटलं. बायकोला सांगितलं नाही. नवस सांगू नये म्हणतात, आणि शिवाय ती हसली असती.

ऑपरेशन अकोल्याला. तिथं रोबो नुकताच आला होता. गावात कोणीतरी मला सांगून ठेवलं होतं की डॉक्टर बाजूला चहा पीत बसतात आणि यंत्रच सगळं कापतं. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "साहेब, मधातच लाइन गेली तर?" ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "काका, रोबो एकटा काही करत नाही. अवजार माझ्या हातात असतं. तुमच्या गुडघ्याचा नकाशा आधीच त्याच्यात घातलाय. ठरलेल्या रेषेबाहेर माझा हात जायला लागला, तर तो अडवतो."

"म्हंजे ड्रायव्हर तुमी, आन रस्ता सोडू न देनारा तो," मी म्हटलं.

"तसंच समजा."

"आन मी?"

"तुम्ही प्रवासी. पडून राहायचं."

"हेच नाई जमत याइले," बायको म्हणाली.

तिचं खरं ठरलं. पाठीत सुई दिली आणि कमरेखाली मी उरलोच नाही, पण वरचा मी पुरता जागा होतो. हिरव्या पडद्यापलीकडे ठोकणं, घरघर, पुन्हा ठोकणं. गॅरेजात गाडी लावल्यासारखं. गाडी माझी आणि मला उठून पाहताही येत नाही. भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, खांदे एवढे कशाला आवळले?" मी म्हटलं, "ब्रेक दाबून राहिलो." मग देवीचं नाव घ्यावं म्हटलं तर भीतीनं एक ओळ आठवेना. जी आरती वर्षानुवर्षं म्हटली ती सगळी पुसून गेलेली. तोंडात आलं ते हेच: मूर्तिजापूर, लाखपुरी, दर्यापूर, अंजनगाव. तेच म्हणत राहिलो. अंजनगावला पोचलो की गाडी वळवायची आणि उलट यायचं. किती फेऱ्या झाल्या ठाऊक नाही. मात्र एका फेरीत केव्हातरी ठोकण्याची भीती गेली होती. त्या बाई नंतर बायकोला म्हणाल्या, तुमचे मिस्टर फार धार्मिक आहेत, सारखं काहीतरी पुटपुटत होते.

खोलीत दुसऱ्या खाटेवर रहीमभाई होते. अंजनगाव सुर्जीचे, गाद्या भरणारे. जन्म मांडी घालून रुई पिंजण्यात गेला, तेव्हा त्यांचाही गुडघा, उजवा, आदल्या दिवशी बदललेला. मी कोणता रस्ता चालवायचो हे कळल्यावर म्हणाले, "मंग सांगाना भाऊ तसं. गुडघा रुईनं नाई गेला माहा. तुमच्या गाडीतच गेला."

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम. शिकवायला प्रज्ञा नावाची मुलगी यायची. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढी, आणि दयामाया बेताचीच. खाटेच्या काठावर बसवायची, पाय लोंबता ठेवायची आणि म्हणायची, "काका, पाय सोडा." मी सोडायचो. ती म्हणायची, "सोडला नाही तुमी. धरून राहिले." मला समजेचना. पाय माझा, मी सोडला म्हणतो, ही म्हणते धरला. रहीमभाईंचा गुडघा रोज थोडा जास्त वाकायचा, माझा जिथल्या तिथं. असं तिनं चार वेळा "सोडा, सोडा" केल्यावर मी म्हटलं, "बाई, सोडा पिऊन काही होते काय पाह्यतो." ती हसली, पण डॉक्टर आले ते हसले नाहीत. म्हणाले, गुडघा उत्तम बसलाय, यंत्रानं आणि आम्ही आमचं काम केलं. पण या दिवसांत वाकला नाही तर आखडेल, पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल, आणि तरी पहिल्यासारखा होईलच असं नाही.

त्याच सकाळी मी माझ्या हुशारीत प्रज्ञाला विचारून बसलो होतो, "गुडघ्यांवर पायऱ्या कवा चढता येतीन?"

"पायऱ्या चढान तुमी महिन्या-दीड महिन्यात."

"तसं नाई. गुडघ्यांवर. टेकत टेकत."

तिनं माझा पाय खाली ठेवला. "दगडाच्या पायऱ्या? नवीन गुडघ्यावर? काका, जलमभर नाही."

मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी देवीकडे जे मागितलं आणि बदल्यात जे कबूल केलं, ते दोन्ही एकत्र जमणारच नव्हतं. गुडघा मिळाला की नवस फिटणार नाही, नवस फेडला की गुडघा राहणार नाही. वर डॉक्टरांचं ते बोलणं. माझ्या मनानं दोन्ही जोडून टाकलं: देवीला कळलं आहे हा आपल्याला फसवतो, म्हणून पाय वाकत नाही. जे मी चारचौघांत कधी मानलं नसतं, ते त्या खाटेवर मला पक्कं वाटू लागलं. जेवण गेलं. बायको विचारायची, काय झालं. मी सांगायचो, दुखते. खरं दुखणं सांगायला तोंड नव्हतं.

दुपारी बायको डबा धुवायला गेली होती. मी विचार केला, एकदा टेकून तर पाहू. जमिनीवर उशी ठेवून, वॉकर धरून, निदान देवीला दिसावं की मनात आहे. चांगला गुडघा टेकला. नवा टेकवायला गेलो तर तो वाकेना, आणि मी अर्ध्यात अडकलो. ना वर ना खाली. रहीमभाई झोपलेत असं मी समजून होतो.

"काय शोधून राहिले भाऊ खाली?"

"चप्पल."

"चपला तं वहिनी घेऊन गेल्या... नाही, थ्या पाहा, खाटेखाली सरळ ठेवून आहेत." मग त्यांनी घंटी वाजवली, नर्स आली, मला उचललं आणि जे बोलायचं ते बोलली. ती गेल्यावर रहीमभाई काही विचारेनात. त्यामुळेच असेल, मी त्यांना सगळं सांगितलं. नवस, पायऱ्या, देवीचा राग. ते मध्ये हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "नमाजचा वखत झाला, मंग बोलू."

त्यांनी वॉकर धरून खुर्ची खिडकीकडे तिरपी ओढली. डोक्यावर टोपी घातली आणि खुर्चीवरच बसून नमाज सुरू केली. ऑपरेशनचा पाय पुढे पसरलेला. वाकायची वेळ आली की कमरेतून थोडं वाकायचे, माथा टेकायची वेळ आली की त्याहून जरा अधिक. माथा जमिनीपासून कितीतरी वर हवेतच थांबायचा. पण तो थांबायचा तेव्हा चेहऱ्यावर असं काही यायचं की माथा पोचला नाही हे बघणाऱ्याच्या ध्यानात राहू नये. मी नजर वळवायला हवी होती, ती वळवता आली नाही. झाल्यावर मी विचारलं, "चालते असं?"

"चालते न. माथा आधी जमिनीवर लागे, आता नाई लागत." खुर्ची मागे सरकवत ते म्हणाले, "अंदर लोहा आहे हे त्याले मालूम नाही काय? डॉक्टरले मालूम, मले मालूम, आन त्यालेच नाई?"

ते मला उपदेश करत नव्हते. खुर्ची जागेवर ठेवणं त्यांना जास्त महत्त्वाचं होतं. पण संध्याकाळी प्रज्ञा आली, पाय लोंबता केला, आणि नेहमीसारखं म्हणाली, "काका, सोडा." मला ऑपरेशनची ती खोली आठवली. तिथं डॉक्टरांचा हात चालत होता आणि कोणीतरी रेषेबाहेर जाऊ देत नव्हतं, आणि मी मूर्ख वरून ब्रेक दाबत होतो, ज्या पायानं दाबत होतो तो पायच मला जाणवत नव्हता. म्हटलं, माय, ही गाडी तुझी. मी मागे बसतो. नवसाचं काय करायचं ते तू पाहा. मी काही केलं नाही, एवढंच सांगू शकतो. मांडीतली एक गाठ इतकी हळू सैल झाली की आधी वाटलं दुसऱ्याच कोणाची आहे. पाय खाली गेला. मग आणखी खाली. दुखलं, पुष्कळ दुखलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण प्रज्ञाचा हात पायावर होता आणि ती म्हणत होती, "हां. आता सोडला." पलीकडून रहीमभाई म्हणाले, "माह्या पुढं जाऊ नका बरं." यात चमत्कार आहे असं मी म्हणत नाही. व्यायामानं स्नायू सैल होतात, हे प्रज्ञानं मला नंतर चित्र काढून समजावलं. मी तिचं ऐकून घेतलं आणि देवीचेही आभार मानले. दोघींनी हरकत घेतली नाही.

पाऊस गेला, थंडी पडली तेव्हा आम्ही कौंडण्यपूरला गेलो. रहीमभाईंनी येणाऱ्याच्या हाती माझ्यासाठी रुईची छोटी गादी पाठवली होती. चार बोटं जाड, हातानं टाचलेली. ती काखेत घेऊन मी पायऱ्यांशी उभा राहिलो. वर जाताना चांगला पाय आधी, उतरताना नवा आधी, हे प्रज्ञानं पाठ करून घेतलेलं. पहिल्याच पायरीवर गादी टाकली, तिच्यावर बसलो, नवा पाय पुढे पसरला आणि कमरेतून वाकलो. माथा पायरीला लागला नाही. हवेतच थांबला. डाव्या हाताला वर्धा नदी संथ चालली होती. वर जाणाऱ्या बाया वळसा घालून जात होत्या. बहुतेकींना वाटलं म्हातारा दमला. मी मनात म्हटलं, माय, मला एवढंच येतं. आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी मागायला काही सुचेना. मग नवसाच्या दिवशी रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या त्या म्हातारीची आठवण आली, तिच्यासाठी मागितलं.

एवढी वर्षं मी समजत होतो की मी चालवतो. आता वाटतं, माझा हात रेषेबाहेर जाऊ लागला की कोणीतरी दर वेळी अडवलंय. कधी यंत्रानं, कधी एका पोरीच्या तळहातानं, कधी खिडकीकडे तिरप्या ओढलेल्या खुर्चीनं. मी फक्त ब्रेक दाबत बसलो होतो. आणि तरीही पोचलो, याचंच नवल.

मग तिथंच, गादीवर बसल्या बसल्या, मी बायकोला सगळं खरं सांगून टाकलं. दवाखान्यात मला काय दुखत होतं ते. तिनं ओटीच्या पिशवीतला नारळ नीट आत ढकलला आणि म्हणाली, "नवसाचं मले ठाऊक आहे."

"कसं? मी तं मनात बोललो होतो."

"मनात? रांगेत मागं तिसऱ्या बाईनं आयकलं. ते मले विचारे, बाई, तुये मालक डोक्यानं ठीक आहेत नं? म्या तवाच मातेचे पाय धरले, म्हटलं, माय, पाय तेवढा नीट कर, आन हा मानूस बोलते त्याच्यावर जाऊ नको."