आपा बारीक झाली होती

हमीदाआपा गेल्याचं तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "अगं, आमच्या नातीच्या लग्नात तर किती छान बारीक दिसत होती!" सून म्हणाली, "काकू, चार महिने अन्न जात नव्हतं त्यांना. पण कुणाला सांगायचं नाही, अशी तंबीच होती." दीड महिना झाला, माझं ते वाक्य मला सोडत नाही... म्हणून लिहायला बसले.

आपाचं लोणावळ्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान. माहेर जवळच्याच इंदुरी गावचं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. मुलाच्या जुन्या डिक्शनरीवरून इंग्रजी शिकत होते, अजून शिकतेच आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आपाकडे जाऊन बसायचं आणि सापडलेला शब्द तिला सांगायचा, हा आमचा वर्षानुवर्षांचा उद्योग. एकदा फिरायला आलेली एक मुलगी मैत्रिणीच्या मनगटाला 'स्लेंडर' म्हणाली. आपानं तो शब्द माझ्यासाठी जपून ठेवला. मी पाहिलं: बारीक, पण डौलदार. आला कुठून, ते कोशकारांना ठाऊक नाही. आपा हसायला लागली. "एवढं जाडजूड पुस्तक, आन् बारक्या शब्दाचा पत्ता न्हाई व्हय त्यात?"

त्याच नादात मला 'गॉन्ट' सापडला. तोही बारीकच, पण आजारानं नाहीतर उपासमारीनं हाडं वर आलेला. मूळ याचंही माहीत नाही. एवढंच की फार पूर्वी अर्थ नुसताच सडपातळ असा होता, वाईट काही नव्हतं त्यात. आपा म्हणाली, "म्हंजे आदी नुसता बारीक व्हता, मागनं आजारी पडला बिचारा." मग एकदम धंद्यावर आली. "वैनी, हे दोन शब्द मला हातात कळत्यात बग. बारीक हातात बांगडी दाबून चढवावी लागती. खंगलेल्या हातात आपसूक जाती." माप एकदम उतरलेल्या कितीतरी बायकांना तिनं बाजूला बसवून दवाखान्यात धाडलं होतं.

शेवटची भेट माझ्या नातीच्या लग्नातली. चुडा भरायला आपाच हवी, असा माझा हट्ट. सकाळपासून बसून तिनं सगळ्या बायकांचे हात भरले. गाल बसलेले, झंपर खांद्यावरून उतरलेला... आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं काय, तर "आपा, स्लेंडर झालीस गं! आम्हालापण सांग काय खातेस ते." बायका हसल्या. आपाही हसली. माझा हात तिच्या हातात होता, तो न सोडता हळूच म्हणाली, "शब्द चुकला, वैनी. घरी जाऊन बग." मला वाटलं, चेष्टा करतेय. लग्नघर ते, मी कुठली बघतेय!

सून नंतर म्हणाली, स्वतःच्या बांगड्यांचं माप आपानं तीनदा उतरवलं होतं. घट्ट बसल्या की मनगट भरलेलं दिसतं. सगळ्या गावाला फसवलं तिनं. मला मात्र सांगितलं होतं, आणि मीच पुस्तक उघडलं नाही. उघडलं असतं तर ती वाचली असती असं नाही. पण चार दिवस जवळ जाऊन बसले तरी असते.

परवा भाची आली, चांगलीच बारीक झालेली. मी विचारलं, "जेवण जातं का गं?" ती वैतागली. "मावशी, जिमला जाते मी! छान दिसतेस म्हणायचं असतं."

जात असेल. मी तिला भाकरी वाढली, आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिले.