त्याचे पाय आधी निघायचे

मी एका एकोणीस वर्षांच्या मुलावर जळत होते. हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली, तेव्हा आता गोडगोड शब्द शोधत बसत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवरा ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनियर, आणि आम्ही शिकागोपासून अडीच तासांवर, चहूकडे मका असलेल्या गावात राहत होतो. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी टायपिंगची नोकरी धरली, ती मिळाली गावच्या बेसबॉल टीमच्या ऑफिसात. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मराठी मंडळींकडे जेवायला गेलं की एखादी काकू विचारायचीच, "अगं, एम.एससी. झालेली तू, त्या बॉलवाल्यांकडे काय करतेस?" मी म्हणायचे, "टाइप करते, काकू." आणि मनात म्हणायचे, तुमचं काय जातंय?

आमची टीम म्हणजे शिडीची खालची पायरी. मोठ्या शहरातला क्लब आपली कोवळी पोरं आमच्याकडे ठेवायचा. चांगलं निघालं ते वर जायचं, नाही निघालं की हातात बसचं तिकीट. कोण कसं निघालं हे बघायला क्लबचा एक म्हातारा दर महिन्याला यायचा. एके काळी स्वतः खेळलेला, गुडघे कामातून गेलेले, आणि अक्षर असं की त्याचं त्यालाही लागत नसे. म्हणून मी वही घेऊन त्याच्याशेजारी बाकावर बसायचे, तो बोलायचा ते उतरवायचे आणि ऑफिसात येऊन टाइप करायचे.

एकदा दुपारच्या सरावात मी न राहवून बोलून गेले, "हा आता उजवीकडे जाणार." आणि तो पोरगा गेलाच. म्हाताऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कशावरून?" मी म्हटलं, "डावा पाय दाबला होता त्याने." मग त्याला खो-खो सांगावा लागला. वहीच्या मागच्या पानावर दोन खांब काढले, मध्ये आठ जणी पाठमोऱ्या आलटून पालटून बसवल्या, आणि सांगितलं की पळणाऱ्या मुलीने पाठलाग करणारीच्या हाताकडे बघायचंच नसतं, हात फसवतात. खांदा बघायचा आणि पाय बघायचे. त्याने ते पान फाडून खिशात घातलं. त्यानंतर तो दर वेळी विचारायला लागला, "आज काय दिसलं?"

मी खो-खो खेळायचे म्हणजे वेळ घालवायला नाही. सांगलीतून राज्याच्या संघात माझी निवड झाली होती. पत्र आलं त्याच आठवड्यात अमेरिकेचं स्थळ आलं. आई म्हणाली, "आता काय जन्मभर पोरांसारखी उंडारत बसणार आहेस?" संघ गेला तेव्हा मी दादरला शालू बघत होते. कोणी मारून मुटकून लग्न लावलं नाही, मीच हो म्हटलं, आणि नवराही भला माणूस. पण ते पत्र आईने कुठे ठेवलं ते मला कधी सापडलं नाही.

तर त्या उन्हाळ्यात आमच्याकडे दोन शॉर्टस्टॉप होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा. सगळ्यात जास्त चेंडू इथेच येतात, आणि इथला खेळाडू सगळ्यात चपळ लागतो. वरच्या टीमला एकच हवा होता. दुसऱ्याला घरी पाठवणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

एक जण नीटनेटका. समोर आलेला चेंडू पकडायचा, सरळ फेकायचा. सोडला एकही नाही, आणि डोळे विस्फारावेत असंही काही केलं नाही. दुसरा आयोवा राज्यातला, लांब हातांचा. तो कधी कधी असे चेंडू अडवायचा की माझ्या हातातलं पेन थांबायचं. जिथे चेंडू जाणार तिथे हा आधीच उभा. आणि कधी कधी अगदी सोप्या चेंडूला उलट्या दिशेला पाऊल टाकायचा आणि तोंडावर पडायचा. लोक हसायचे. म्हातारा डोकं खाजवायचा. "देवाने दिलंय, की नुसती लॉटरी लागतेय? मला कळत नाहीये."

मला कळलं होतं. तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. तो कॅचरची बोटं बघायचा. चेंडू कुठे टाक, ही खूण बॅटवाल्याच्या मागे बसलेला कॅचर बोटांनी चेंडू टाकणाऱ्या पिचरला करतो. ती खूण आणि बॅटवाल्याचा खांदा, दोन्ही एका नजरेत घेऊन हा बॅट लागायच्या आत निघायचा. पिचरने सांगितल्या जागी टाकला की हा राजा. आमचे पिचर कच्चे, त्यांचा नेम चुकायचा, आणि नेम चुकला की हा वेडा दिसायचा. म्हणजे चूक त्याची नव्हतीच. वर गेला असता तर तिथले पिचर नेमके, तिथे त्याचं सोनं झालं असतं.

एवढं सगळं मला दिसत होतं, कारण मी तेच करायचे.

ऑगस्टमध्ये त्याची आई आली. आयोवाहून दिवसभर गाडी चालवून आली आणि जाळीमागे घडीची खुर्ची टाकून बसली. फॉइलमध्ये सँडविच, गळ्यात टॉवेल. तो पडला, लोक हसले, आणि ती उभी राहून ओरडली, "कम ऑन, बेबी!" खेळ संपल्यावर तिने जाळीतून बोटं घालून त्याच्या गालावरची माती पुसली. ते बघून मला जे वाटलं, त्यात माया वगैरे काही नाही, सरळ हेवा. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. हा पडतो तरी याची आई येते. मी कधी पडले नाही, आणि माझी आई एक दिवस बघायला आली नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट द्यायचा होता. म्हातारा बाकावर बसला आणि म्हणाला, "या आयोवावाल्याचं तू सांग. मी तुझं ऐकेन."

खो-खोत बसलेली मुलगी खो मिळायच्या आत उठली तर फाउल. लहानपणापासून अंगात मुरलेलं. तेवढंच मी उचललं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"तो लवकर उठतो," मी म्हटलं. "चेंडू मारायच्या आधीच निघतो."

"म्हणजे अंदाजाने?"

बेसबॉलमध्ये लवकर निघणं हा फाउल नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. बोटांचं सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी वहीत बघत बसले. त्याने माझ्या गप्प बसण्याचा त्याला समजायचा तो अर्थ घेतला आणि सांगितलं, लिही, अंदाजाने खेळतो, भरवसा नाही. ते मी ऑफिसात येऊन टाइप केलं. एकही चूक न करता.

आठवड्याभरात निरोप आला. नीटनेटका वर गेला.

आयोवाचा मुलगा सकाळी टीम सोडल्याच्या कागदावर सही करायला ऑफिसात आला. एकटाच होता. गणवेशाची घडी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅम, माझ्याबद्दल काय लिहिलं ते बघता येईल?" तसं दाखवायची परवानगी नव्हती. मी खणातून कार्बन कॉपी काढून त्याच्यापुढे केली. शिव्या घालेल, रडेल, काहीतरी करेल, असं मला वाटत होतं. खरं तर तसं हवंच होतं मला.

त्याने ते वाक्य वाचलं. परत वाचलं.

"अंदाज नव्हता," तो म्हणाला. "कॅचरची बोटं बघायचो मी. पण मी लवकर निघतो, हे बरोबर आहे." मग कागदावरून मान वर केली आणि चक्क हसला. "शाळेपासून खेळतोय, मॅम. आमच्या कोचना नाही दिसलं, आईला नाही दिसलं. अर्ध्या पावलाचा फरक असतो. ज्याला दिसलं त्याची नजर जबरदस्त आहे. सांगाल त्यांना माझ्याकडून?"

माझ्या खेळाला अमेरिकेत मिळालेली ती एकुलती एक दाद.

मी म्हटलं, "सांगते." आणि सही कुठे करायची ते त्याला दाखवलं.