निवडून पाठवलेले हरभरे

पेरणीआधी आईने गावाहून घरच्या हरभऱ्याचं थोडं बी तपासायला मुलुंडला माझ्याकडे पाठवलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि बियाणं तपासणं हीच माझी नोकरी. ओल्या टीपकागदावर सात दिवस दाणे ठेवले, बुरशी दिसली नाही. "बिनधास्त पेर," मी फोनवर सांगितलं.

महिन्याभरात, बियातल्या बुरशीतून येणाऱ्या मर रोगाने रोपं माना टाकू लागली.

"आई, नमुना कसा काढलास?"

"टपोरे तेवढे निवडले. सुरकुतलेले पाठवून हापिसात तुझी शोभा करू का?"

न निवडता प्रत्येक पोत्यातून मूठ घ्यायची, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. चूक कबूल केली. मी म्हणाले, "वाळलेली रोपं उपटून जाळ. यातलं बी पुढच्या वर्षाला ठेवू नकोस."

"म्हणजे वर्षानुवर्षं राखलेलं घरचं बी मोडायचं?"

मला हो म्हणावं लागलं.