हजाराची माळ

शगुफ्ताला क्रिकेटचा मनापासून कंटाळा होता. पण नाहरपुऱ्याच्या कंदोई गल्लीत राहणाऱ्या मन्सुरींच्या पोरीला असला कंटाळा परवडणारा नव्हता. भारत-पाकिस्तान सामना असला की तिचे अब्बा, मुश्ताकमियां, आपल्या गादी-रजईच्या दुकानाची दारं सताड उघडायचे, टीव्ही उचलून दर्शनी बाजूला ठेवायचे आणि घरातल्या सगळ्यांना पुढे बसवायचे. भारताची विकेट पडली की तोंडं पाडायची, चौकार गेला की टाळ्या. अम्मीला तर कोण कुठल्या बाजूनं खेळतंय हेही कळत नसे. तीही सुई रजईत टोचून ठेवायची आणि टाळ्या वाजवायची. येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

गंमत म्हणजे मुश्ताकमियां खरोखरच भारताचे वेडे होते. हरल्यावर जेवायचे नाहीत. पण खरं प्रेमसुद्धा रोज लोकांना दाखवत बसलं की नाटकासारखं दिसायला लागतं. त्यांचं तसंच झालं होतं.

शाळेत पाकिस्तान हरलं की मुली विचारायच्या, "काय गं, आज तुमच्या घरी चूल पेटली का?" जिंकलं की, "शेवया वाटल्या की नाही?" एकदा ती रडत घरी आली. अब्बा कापूस पिंजत होते, भुवयांवरसुद्धा कापूस. ते म्हणाले, "हसायचं, बेटा. त्यांच्या आधी हसायचं." दुसरा उपाय त्यांच्याकडेही नव्हता.

समोर गेंदालालचं कचोरीचं दुकान. त्याचे आणि मुश्ताकमियांचे बापही याच दुकानांत एकमेकांसमोर बसलेले. गेंदालालच्या घरातली एकूण एक रजई मुश्ताकमियांनी भरलेली, आणि ईदला गेंदालाल मागच्या दारानं येऊन शीरखुर्मा प्यायचा. "आमच्या आईला कळलं तर मला गोमूत्रानं आंघोळ घालेल," असं म्हणायचा आणि आणखी एक वाटी मागायचा.

शगुफ्ता नववीत होती त्या वर्षीची गोष्ट. सामन्याच्या आदल्या दिवशी गेंदालालनं चिमटा काढला, "मियां, मागच्या खेपेला सगळी गल्ली वाजून गेली, मग तुमचे फटाके. लोक बोलत होते."

"कोण बोलत होतं?"

"सोडा हो. लोकांना काय."

मुश्ताकमियांनी कसलं सोडलं! गेंदालाललाच सोबत घेऊन ते बाजारात गेले आणि फटाक्यांची हजाराची माळ घेऊन आले. "उद्या पहिला आवाज माझा," म्हणाले.

शेवटचं षटक आलं. भारताचा एकच गडी उरला होता आणि एक जोरदार फटका पुरेसा होता. मुश्ताकमियांना बघवेना. रस्त्यावर माळ पसरून, हातात पेटती उदबत्ती घेऊन ते टीव्हीकडे पाठ करून उभे राहिले. "शग्गो, तू बघ. जिंकलो की ओरड."

शग्गोच्या मांडीवर भूगोलाचा नकाशा होता आणि ती नद्या रंगवत होती. चेंडू उंच गेला. समालोचकाचा आवाज चढला. समोर कचोरीच्या दुकानातले सगळे ओरडत उभे राहिले. शग्गोनं मान वर केली आणि ओरडली, "जिंकलो, अब्बा!"

उदबत्ती वातीला लागली. तिकडे सीमारेषेवर झेल पकडला गेला. पाकिस्तान जिंकलं.

हजाराची माळ एकदा पेटली की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. टीव्हीकडे वळून बघताच मुश्ताकमियां चपलेनं ती तुडवायला लागले. अम्मीनं पिण्याच्या पाण्याची कळशी ओतली. एक टोक विझलं, दुसरं वाजतच राहिलं. सगळी गल्ली दारात येऊन बघत उभी होती. शग्गो मनात म्हणत होती, संप, संप, अल्ला, आता तरी संप.

माळ संपली तेव्हा मुश्ताकमियांचा पाय भाजला होता.

"बघितलं ना सगळ्यांनी?" एक जण म्हणाला. गेल्याच महिन्यात त्याच्या लग्नाच्या रजया याच दुकानातून गेल्या होत्या. "डोळ्यांनी बघितलं ना?"

मुश्ताकमियांनी हात जोडले. "अरे, चूक झाली रे! गेंदाभाईंना विचारा, ते होते माझ्याबरोबर. सांगा ना, गेंदाभाई, माळ कशासाठी घेतली होती?"

सगळे गेंदालालकडे वळले. शग्गोही. एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते त्या एकाच माणसाकडे होतं.

गेंदालाल कढईत बघत होता. "कोणाच्या मनात काय असतं, मला काय ठाऊक?" तो म्हणाला. "बाजूला व्हा रे, तेल तापलंय."

मग दुकानातला कापूस गटारात गेला, शिवलेल्या रजया गेल्या, टीव्ही गेला. पोलीस आले आणि मुश्ताकमियांनाच घेऊन गेले. ठाण्यात साहेबानं विचारलं, "तुला फटाके लावायला सांगितलं कोणी होतं?" सांगितलं कोणीच नव्हतं.

घरी सोडल्यावर शग्गो त्यांच्या गळ्यात पडली. "अब्बा, मी सांगते सगळ्यांना. मीच ओरडले."

"खबरदार. तुझं नाव यात यायला नको." तेवढंच बोलले आणि पायाला हळद लावून घेत बसले.

त्या हिवाळ्यात गल्लीनं रजया शहरातून आणल्या. अब्बांना आता लंगडत चालावं लागे.

पुढचा सामना आला तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. या वेळी भारत जिंकला. गावभर फटाके वाजत होते आणि हे तिघं आत बसून होते. तेवढ्यात दार वाजलं.

बाहेर गेंदालाल, मागे पोरांचा घोळका. गेंदालालच्या हातात हजाराची माळ आणि पेढ्यांचा पुडा. चेहऱ्यावर खरंच माया होती, तेच वाईट. "मियां, मीच आणलीय बघा. लावून टाका. सगळ्यांची तोंडं बंद होतील."

मुश्ताकमियां पायरीवर आले. उदबत्ती हातात घेतली, पण भाजलेला पाय माळेकडे उचलेना. मागून कोणीतरी कुजबुजलं, "लावत नाहीये बघ."

शग्गोनं त्यांच्या हातातून उदबत्ती घेतली.

"काकाजी," तिनं मोठ्यानं विचारलं, "आज नक्की जिंकलोय ना?"

गेंदालालची मान खाली गेली. "हो, बेटा."

तिनं माळ पेटवली. टाळ्या पडल्या. पहिल्याच आवाजाला अब्बा कानांवर हात दाबून पायरीवर बसले. गेंदालालनं शग्गोच्या तोंडात पेढा भरवला. तो तिला गिळवेना. पण सगळी गल्ली बघत होती. तिनं तो गिळला आणि ती हसली, त्यांच्या आधी.