काचेच्या खोलीतला निरोप

पुतळीची लेक मालू रोह्याला दिलेली. वडखळपासून रोहा ते काय लांब! पण सासूने उंबरठ्याबाहेर सोडलं नाय, तर रोहा काय नि काशी काय, आईला सारखंच. लग्नाला तीन वर्षं झाली, तेवढी वर्षं मायलेकी एकमेकींशी बोलल्या त्या बायजाबाईच्या तोंडाने.

बायजाबाई सुकी मच्छी विकायची. पेणला गाडीत बसायची, रोह्यात आळीआळीने हिंडायची. मालूच्या दारात टोपली उतरली की सासूशी मच्छीच्या भावावरून असं भांडण काढायची, की सासू तणतणत आत पैसे आणायला जायची. तेवढ्यात आईचा निरोप लेकीच्या कानात, लेकीचा बायजाबाईच्या पोटात. तिच्या पोटातलं या कानाचं त्या कानाला कधी कळलं नाय.

मग बायजाबाईचा लेक महिपती कंपनीत कायम झाला. घरावर स्लॅब पडला, चार शर्टवाली माणसं चहाला यायला लागली, आणि ज्या बोंबलांवर महिपती वाढला त्याच बोंबलांचा त्याला वास यायला लागला.

"आये, बस झाली आता टोपली. लोक मला हसतात," तो म्हणाला. झालं. धंदा बंद, नि धंद्याबरोबर निरोपही बंद.

शेवटच्या खेपेला बायजाबाईने आणलेला निरोप पुतळीच्या काळजात काट्यासारखा बसला होता. मालूला सातवा लागलेला. पहिलं मूल पाण्याचे हंडे वाहता वाहता गेलं होतं, तरी हंडे सुटले नव्हते, आणि बाळंतपणाला माहेरी धाडायला सासू तयार नव्हती. "आये, मला चोरून ने," मालूने सांगितलं होतं. "नायतर हेही जाईल."

आता याला उत्तर धाडायचं कुणाकडून? कार्ड टाकावं तर मालूला वाचता येत नाय. पोस्टमन वाचणार, नि ओटीवर बसून सासू ऐकणार. शेजारचा सुभाष रोह्याला शिफ्टला जायचा. पोरगा गुणाचा, पण सुटल्यावर दोन घोट पोटात गेले की गावाची अंडीपिल्ली गाणं म्हणावं तशी म्हणायचा. बायजाबाईकडेच जावं, असंही एकदा मनात आलं. पण महिपतीच्या ओटीवर चढून त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघायच्या? पुतळीचे पाय वळले नायत.

राहिला फोन. वडखळच्या नाक्यावर पिवळ्या पाटीचं नवं दुकान झालं होतं. आत काचेची खोली, तिला दार.

"दार लावलं की आपलं बोलणं आपल्यापाशीच ना, भाऊ?" पुतळीने दुकानवाल्याला विचारलं.

"एकदम प्रायव्हेट, मावशी. देवालासुद्धा ऐकू जायचं नाय."

मालूच्या शेजारच्या वाण्याकडे फोन होता. त्याने मालूला हाक मारली, ती आली. पुतळीने दार ओढून घेतलं, नीट लागलं का ते ढकलून बघितलं, आणि बोलायला लागली.

आता पुतळीचा जन्म गेला मिठागरात. तिथे खाडीचा वारा असा, की या वाफ्यातल्या बाईने त्या वाफ्यातल्या बाईला 'पाणी दे गो' म्हणायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. शेजारच्या वाफ्याला एवढं, तर रोह्याला किती ओरडायचं?

"मालूऽऽ! सोमवारी बाजाराचं निमित्त कर गो! टेशनावर ये! मी येते न्यायला! सासूला सांगू नकोऽऽ!"

पलीकडे मालू बिचारी शहाणी. वाण्यासमोर ती नुसतं "व्हय, व्हय" करत राहिली. तिच्याकडून एक अक्षर फुटलं नाय.

पुतळी समाधानाने बाहेर आली. नाक्यावरची माणसं तिच्याकडे बघत होती, तिला वाटलं पदर सरकलाय. तिने तो सारखा केला नि घरची वाट धरली. गाडीची वाट बघत उभ्या माणसांत मालूचा चुलतसासरा हैबतराव होता. तिला तो दिसला नाय. तो आलेल्या रोहा गाडीत चढला.

सोमवारी रोह्याच्या फलाटावर मालू नव्हती. बाकड्यावर हैबतराव तंबाखू मळत बसला होता.

"या विहीणबाई. कशाला फोनला पैसे घातलेत? घरून ओरडला असतात तरी पोचलं असतं की."

"मालू कुठं हाय?"

"सुखात हाय. आमच्या एका पाव्हण्याच्या गावी नेऊन ठेवलीय. तिकडं फोनबीन नाय."

"गावाचं नाव तरी सांगा. पाया पडते."

"सांगतो ना. बारसं झालं की सांगतो." चिमूट दाढेखाली ठेवून तो उठून गेला.

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाय. नाक्यावरून तर ती निघालेली. ऐकून बायजाबाई गुडघे धरत पुतळीच्या दारात आली.

"मला सांगाया काय झालं होतं गो तुला?"

"तुझ्या लेकाला वास येतो म्हणून नाय आले."

"लेक शिफ्टला जातो की नाय? दिवसभर त्याचं नाक असतं का घरात?" बायजाबाई कडाडली. मग खाली बसली. पुतळीच्या हाताला हात लावून हळू म्हणाली, "रडू नको. त्याच्या चोरून उद्या जाते मी. सांग, कुठल्या गावाला जाऊ?"

पुतळीने तोंड उघडलं. सांगायला गावाचं नाव नव्हतं.