वाजणारे दात

माझी आत्या दात बनवायची. डॉक्टर नव्हती ती. डॉक्टर खालच्या मजल्यावर बसायचे. ते तोंडाचं माप घेऊन वर पाठवायचे, आणि वरच्या खोलीत आत्या मेण, प्लास्टर आणि गुलाबी प्लास्टिक घेऊन त्या मापाबरहुकूम कवळी घडवायची. अठ्ठावीस वर्षं तिनं हेच केलं होतं, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांतलं एकही माणूस तिनं पाहिलं नव्हतं. माणसं तिला जबड्यानं ठाऊक. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत. त्यांतल्या एकाकडे बोट दाखवून ती म्हणायची, "हा बघ, झोपेत दातओठ खातो. बायकोशी पटत नसणार." मी तेव्हा कॉलेजसाठी तिच्याकडे राहत होते. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणायचे, "अख्ख्या गावाचे दात हिच्या हातात, म्हणून हिच्यापुढे कुणी तोंड उघडत नाही."

तिचं काम कधी परत येत नसे. त्यामुळे एक वरची कवळी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा आत्याचं डोकं फिरलं. डॉक्टर स्वतः जिना चढून आले होते.

"चावायला त्रास होतोय का?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"बोलताना हलते?"

"नाही हो. मस्त बोलतात. पण म्हणतात, वाजत नाही."

"वाजत नाही?" आत्यानं हातातला मेणाचा चाकू खाली ठेवला. "कवळी काय वाजवायची वस्तू आहे? मी दात करते, घुंगरं नाही!"

आणि ती तशीच, प्लास्टरनं पांढऱ्या झालेल्या हातांनी, खाली गेली. मी मागोमाग. अठ्ठावीस वर्षांत ती पहिल्यांदाच पेशंटला भेटायला निघाली होती. तो सोहळा मला चुकवायचा नव्हता.

खुर्चीत सत्तरीचे एक सडपातळ गृहस्थ बसले होते. मांडीवर काळी पेटी. एका हॉटेलच्या बँडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं सॅक्सोफोन वाजवला होता आणि सगळे त्यांना मास्तर म्हणत. हिरड्यांच्या दुखण्यात वरचे सगळे दात काढावे लागले, खालचे तेवढे शाबूत राहिले. त्यांनी पेटी उघडली, पितळी वाद्य गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलं आणि तोंडात धरलं. आधी नुसती हवा. मग एक सूर उमटला, थरथरला, आणि मधेच कवळी सुटून टक्कन आवाज झाला. मास्तरांनी तोंडावर हात धरला. म्हाताऱ्या माणसाला असं लाजताना बघवत नाही.

आत्याचा राग तिथेच उतरला. तिनं स्टूल ओढलं. "नेमकं काय होतं तोंडात? सांगा मला."

"सांगून कळायचं नाही, बाई. वरचे दात इथं टेकतात." त्यांनी वाद्याच्या टोकावरचा काळा माउथपीस दाखवला. "खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडतो, आणि त्यावर ही पट्टी." पट्टी म्हणजे रीड. बोरूसारख्या गवताची, नखाएवढी पातळ कापलेली. "बाकी सगळं आत होतं. ते फुंकल्याशिवाय नाही समजत."

"मग द्या इकडे. फुंकते."

डॉक्टर हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी माउथपीस नळाखाली धुतला, पेटीतून कोरी रीड काढली आणि म्हणाले, "आधी जिभेवर भिजवा. कोरडी रीड बोलत नाही." मग वाद्य तिच्या गळ्यात घातलं. आत्यानं फुंकलं, काहीच नाही. पुन्हा फुंकलं तर दाराखाली शेपटी सापडलेल्या मांजरासारखी किंचाळी. "गाल फुगवू नका. दात नुसते टेकवा, चावू नका," मास्तर म्हणाले. तिसऱ्या वेळी तो सूर आला.

तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. तिनं डोळे मोठ्ठे केले, वाद्य काढलं आणि स्वतःच्या पुढच्या दातांना बोट लावलं. हळूच म्हणाली, "दातांतून ऐकू आलं मला. कानातून नाही. कवटीत घुमलं." इतकी वर्षं दात म्हणजे तिच्यासाठी चावायची हत्यारं. त्यांतून आवाज डोक्यात शिरतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तुमच्या कवळीतून काय होतं ते कळायला मला हे वाजवता आलं पाहिजे," ती म्हणाली. "शिकवाल?"

"मला स्वतःला वाजवता येत नाहीये, बाई."

"मग तर बरंच. तोंड माझं, विद्या तुमची."

तशी आत्या एकोणपन्नासाव्या वर्षी शिष्या झाली. दर रविवारी सकाळी आम्ही मास्तरांच्या घरी जायचो. एकच खोली: पलंग, दोन खुर्च्या, खिडकीत एक कुंडी. दारातच पहिला प्रश्न, "खाऊन आलात? मग आधी दात घासा. तोंडातला कण वाद्यात गेला की भोकांवरची झाकणं चिकटतात." जन्मभर लोकांचे दात करणाऱ्या बाईला दात घासायला पाठवणारा हा जगातला एकमेव माणूस असेल. आत्या मुकाट्यानं बेसिनकडे जायची.

पहिले दोन रविवार त्यांनी एक सूरही काढू दिला नाही, फक्त आवरायला शिकवलं. रीड पुसून सपाट डबीत ठेवायची. माउथपीस कोमट पाण्यानं धुवायचा, गरम पाण्यानं नाही. दोरीला बांधलेलं मऊ फडकं वाद्याच्या रुंद तोंडातून सोडून दुसऱ्या टोकानं ओढून घ्यायचं, म्हणजे आतली ओल निघते. वाद्य उचलताना झाकणं हलवणाऱ्या दांड्यांना धरायचं नाही. "दांडी केसाएवढी वाकली तरी झाकण नीट बसत नाही," ते म्हणत, "आणि एक झाकण रुसलं की खालचे सगळे सूर रुसतात. एकत्र कुटुंब आहे हे."

वर्षभर वाद्य पेटीत पडून होतं, त्यामुळे खरंच काहीतरी रुसलं होतं. एके दिवशी मास्तरांनी भर दुपारी खिडकी बंद करून पडदा ओढला आणि तारेला बांधलेला बारीक दिवा वाद्याच्या पोटात सोडला. "आता एकेक झाकण दाबा." प्रत्येक झाकणाच्या आत चामड्याची गादी असते. ती भोकावर घट्ट बसली तर उजेड अडतो, नाहीतर कडेनं प्रकाशाची रेघ दिसते. आत्या एकेक झाकण दाबत गेली. मधल्या एका झाकणाच्या कडेला कोवळ्या चंद्रकोरीसारखी रेघ चमकली. "इथून जीव जातोय ह्याचा," ती पुटपुटली. त्या अंधाऱ्या खोलीत ती पितळी नळी आतून पेटलेली, दोन पिकलेली डोकी तिच्यावर वाकलेली. गादी आत्यानंच बदलली. अशा कामाला तिच्यासारखा हात शोधून सापडला नसता.

वाजवणं मात्र सहजी येईना. एकच सूर श्वास संपेपर्यंत धरायचा, थांबायचं, पुन्हा धरायचा. महिनाभर एवढंच. सरावासाठी मास्तरांनी वाद्य आत्याच्या घरी ठेवायला दिलं होतं, आणि आमच्या घराखालच्या शिंप्यानं मला जिन्यात अडवून विचारलं, "ताई, तुमच्याकडे बदक पाळलंय का?" आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "त्याला म्हणावं, हंस व्हायला वेळ लागतो."

पण ती कामही विसरली नव्हती. वाजवताना तोंडात काय होतं ते वहीत लिहायची. माउथपीस वरच्या दातांना पुढून रेटतो, त्यानं कवळी मागून सुटते. मागची कड आणखी घट्ट बसवायला हवी. टाळू पातळ हवी. एवढं लक्षात घेऊन तिनं चौथी कवळी केली. मास्तरांनी वाजवली. या वेळी सुटली नाही. सूर आला, नीट आला. आत्या खूश झाली. मास्तरांनी मान हलवली. "घट्ट आहे. चांगली आहे. पण मी नाही हा."

"म्हणजे?"

"माझा आवाज असा नव्हता. आता वयाचं असेल. जाऊ द्या, बाई, खूप केलंत तुम्ही."

दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. आत्या मात्र आठवडाभर अस्वस्थ. मग एका संध्याकाळी ती मास्तरांचा माउथपीस धूत होती. एव्हाना तिनं स्वतःसाठी दुसरा घेतला होता, पण त्यांचाही तीच साफ करी. बेसिनपाशी ती अचानक थबकली. नळ तसाच वाहत राहिला.

"इकडे ये," तिनं मला हाक मारली. "बोट फिरव इथं."

माउथपीसच्या वरच्या पाठीवर दोन खळगे होते. रोज दिसायचे, पण झीज म्हणून आम्ही सोडून दिलेले. चाळीस वर्षं रोज त्याच जागी दात टेकून कठीण काळं रबर झिजलं होतं. डावा खळगा सरळ होता. उजवा किंचित तिरका आणि थोडा खोल.

"हे त्यांचे दात आहेत गं," आत्या म्हणाली. तिचा आवाज देवळात बोलल्यासारखा झाला होता. "दात गेले. फेकूनही दिले. आणि इथं जागा राहिली त्यांची."

त्या खळग्यांत तिनं मऊ मेण दाबलं आणि हलकेच उचललं. तिच्या तळहातावर दोन दातांची टोकं आली, एक सरळ, एक जरासं वळलेलं. मी भिंगातून पाहिलं. तिरक्या दाताच्या कोपऱ्यावरचा टवकासुद्धा उमटला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वैतागले. "अहो, दात वाकडा बसवताय? लोक सरळ करून घ्यायला येतात माझ्याकडे!"

"लोकांना सरळच देते," आत्या म्हणाली. "ह्यांना ह्यांचे देते."

नंतर तिनं मास्तरांना वर, तिच्या खोलीत, बोलावलं. मेणाची कच्ची कवळी त्यांच्या तोंडात बसवली आणि मेण मऊ असतानाच वाद्य तोंडात धरायला लावलं. "वाजवू नका. वाजवणार आहात असं धरा फक्त." मेणानं त्यांच्या ओठांचा, गालांचा, त्या तयारीचा आकार घेतला. त्यावरून पाचवी कवळी झाली.

ती बसवली तो दिवस मंगळवार होता, सकाळी अकराची वेळ. मास्तर स्टुलावर बसले. फळ्यांवरचे जबडे चहूबाजूंनी बघत होते. त्यांनी दात माउथपीसवर टेकवले आणि मधेच थांबले. जीभ आतून फिरवली. पुन्हा टेकवले. मग डोळे मिटून म्हणाले, "घरी आल्यासारखं वाटतंय."

आणि त्यांनी फुंकलं.

मी संगीतातली जाणकार नाही. इतकंच सांगते, की इतके महिने आत्याच्या बदकाला मी सॅक्सोफोन समजत होते आणि तो माझा गैरसमज होता. तो आवाज आधी जमिनीलगत सरकला, मग उभा राहिला. माणूस बोलता बोलता गायला लागावा, तसा. खाली डॉक्टरांच्या यंत्राची घरघर बंद पडली. रस्त्यावर एक हातगाडीवाला मान वर करून उभा राहिला. खोलीतला कसलासा पत्र्याचा डबा त्या सुरानं आपोआप झणझणायला लागला, आणि आत्यानं त्यावर हात ठेवून तो शांत केला. हात तिथेच राहिला. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते तिला माहीतही नव्हतं.

वाजवून झालं तेव्हा मास्तर म्हणाले, "बाई, तो माझा होता."

"ओळखला मी," आत्या म्हणाली. तिनं तो याआधी कधीच ऐकला नव्हता, पण आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

काम झालं होतं. वाद्य मास्तरांचं, ते घेऊन गेले. पुढचा रविवार आत्यानं कपाट आवरण्यात घालवला, त्याच्या पुढचाही. तिसऱ्या रविवारी मास्तर दारात उभे. हातात दुसरी पेटी. बँडमधल्या एका दिवंगत मित्राचं जुनं वाद्य त्यांनी मागून आणलं होतं. पोचे पडलेलं, गाद्या सडलेल्या. "तुमचे धडे अर्धवट राहिलेत," ते म्हणाले. "आणि ह्याला बरं करायला मला एकट्याला नाही जमणार."

त्या दोघांना ते बरं करायला सहा महिने लागले. नंतर मास्तर सात वर्षं वाजवत होते. त्यांच्या हयातीतच आत्याकडे लांबून लांबून लोक यायला लागले. कुणी बासरीवाला, कुणी शंभर माणसांच्या बँडमधला ट्रंपेटवाला. आता ती जिन्यावरून हाक मारते, "वाद्य घेऊन या वर! तुम्हाला बघितल्याशिवाय दात करत नाही मी."

आज ती त्रेसष्टची आहे. तिला अकरा चाली येतात, त्यांतल्या चार चांगल्या. परवा मी तिच्याकडे गेले तर दार उघडं होतं आणि ती खिडकीकडे तोंड करून वाजवत होती. एकच लांब, खालचा सूर. मी चपला काढल्या नाहीत की हाक मारली नाही. तिचा श्वास संपेल, मग आत जाऊ, असं म्हणून उंबऱ्यात उभी राहिले. तो सूर बराच वेळ चालला.