खांदे तिचे, चेहरा दुसरीचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आता सांगायला बसले, तर आधी रागच उसळतोय — तोच आधी ऐका.

दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद निघणार होता, चित्रं माझी. आम्ही तेव्हा कतारला, दोह्यात होतो. फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीत निम्मं शहर खणून ठेवलेलं. माझी मैत्रीण शुभा शहराबाहेरच्या उम्म सलालहून सगळी डायव्हर्जन्स पार करत दर शुक्रवारी यायची — माझी मॉडेल म्हणून. कादंबरीच्या काळातल्या बायकांचे ते झगे, कंबर थेट छातीखाली! मी तिला पांढरी मलमलची साडी गुंडाळायचे, वर करकचून रिबीन.

"अगं, ह्यात श्वास घेऊ की नको?" ती हसायची. आणि मग तासन्‌तास हलायची नाही. काय मान होती तिची — सावळी, ताठ!

पुस्तक आलं. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिची छोटी मुलगी पानं उलटत होती. वर्गभर सांगून आली होती, आई पुस्तकात आहे म्हणून. "आई, व्हेअर आर यू?"

प्रत्येक पानावर शुभाचे खांदे, शुभाचे हात. चेहरा मात्र कुणा गोऱ्यापान बाईचा. इंग्रज नायिका गोरीच असणार, म्हणाल? मग त्या झग्यांची मलमल कुठून जायची त्यांच्याकडे? आपल्याकडूनच ना?

शुभानं पुस्तक हळूच मिटलं.

"प्रकाशकांनी बदलायला लावला गं," मी म्हणाले. आणि काय तावातावानं म्हणाले! ह्यांना नायिका गोरीच लागते, ह्यांची डोकी कधी सुधारणार — शेवटी शुभानंच मला पाणी आणून दिलं. त्या प्रकाशकाचं एकही पुस्तक तिनं पुन्हा घरात येऊ दिलं नाही. आजही कुणी त्यांचं नाव काढलं की भांडते. माझ्या बाजूनं!

प्रकाशकांनी काहीही म्हटलं नव्हतं. उलट कच्ची चित्रं पाहून संपादकबाईंचा फोन आला होता — "हाच चेहरा ठेवा. फार सुंदर आहे." मीच त्यांना सांगितलं, शुभाला नकोय. तिला? तिला मी विचारलं तरी होतं का? सावळ्या नायिकेला लोक हसतील, माझ्या चित्रांना हसतील, असं वाटलं ते मला. दुसऱ्या कुणालाही नाही.

मग मी खोडरबर घेतलं, आणि पानापानावरून शुभाला पुसून काढलं.